डांगातली नागली, देशावरची बाजरी

नाशिक जिल्ह्यातल्या रोजच्या जेवणाची विभागणी जमिनीनेच केलेली होती. सह्याद्रीला लागून असलेल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि कळवण-दिंडोरीच्या पश्चिम पट्ट्याला डांग म्हणत. तिथे पाऊस भरपूर, पण जमीन उताराची आणि हलकी. म्हणून नागली, वरई आणि खाचरांत भात. पूर्वेला सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, मालेगाव हा देश. तिथे पाऊस कमी, आणि बाजरीवाचून कोणाचेच भागत नसे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक गॅझेटियरनेही जिल्ह्याचे हेच दोन भाग मानले आहेत. दोन्हीकडचे रोजचे अन्न जवळजवळ सगळे वनस्पतिजन्य होते, पण त्यामागची कारणे वेगवेगळी होती आणि पुढचा इतिहासही वेगळा घडला.

नागली, म्हणजे कोकणातली नाचणी, मूळची पूर्व आफ्रिकेतली. इथिओपियापासून युगांडापर्यंतच्या उंच प्रदेशात ती माणसाने प्रथम पिकवली आणि हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली. वरई मात्र इथलीच. डांगातले कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर शेतकरी ही पिके राब पद्धतीने घेत. उन्हाळ्यात टहाळ, पालापाचोळा आणि शेणाचे थर रचून रोपवाटिकेची जागा भाजायची, पावसाच्या तोंडावर तिथे बी टाकायचे आणि रोप हाताएवढे झाले की उतारावर लावायचे. एका तुकड्यात बहुधा पहिल्या वर्षी नागली, मग वरई, त्यानंतर खुरासणी किंवा उडीद आणि पुढे काही वर्षे जमीन पडीक, असा क्रम असे. जमिनीला विश्रांती देणाऱ्या या क्रमामुळे घरात तृणधान्य, तेलबी आणि डाळ अशी तिन्ही आपोआप येत. नागलीचा दाणा बारीक आणि टणक असल्याने त्याला कीड सहसा लागत नाही. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत तो वर्षानुवर्षे टिके, आणि दुष्काळात हाच गुण जीव वाचवी. वारली-कोकण्यांनी धान्याला कणसरी ही देवी मानले यात नवल नाही.

जेवणात नागलीची भाकरी किंवा आंबील, सोबत उडदाचे किंवा कुळथाचे कालवण आणि खुरासणीची चटणी. पावसाळ्यात रानभाज्या: शेवळे, करटोली, कुर्डू, टाकळा, फोडशी, कवळा, भोकर, बांबूचे कोंब. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात काढायची, कोणती चिंचेबरोबर शिजवली नाही तर घशाला खाजते, ही माहिती बायकांकडे असे. तिची नोंद फार थोडी झाली, ही या इतिहासातली खरोखरची हानी आहे. डांगातली माणसे शाकाहारी नव्हती. ओढ्यातले मासे, खेकडे, सणाची कोंबडी ती खात, पण मांस-मासळीचा वाटा लहान असे.

या जेवणाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकता कामा नये. दिवाळीनंतर भरलेली कणगी पुढच्या आषाढापर्यंत रिकामी होई. मग सावकाराकडून दीडीने धान्य उचलायचे, नाहीतर रानातले कडू कंद पुन्हा पुन्हा उकळून त्यांचा कडूपणा काढून खायचे. पोटासाठी काढलेल्या या कर्जाच्या, म्हणजे खावटीच्या, फासातून सोडवणे हे आदिवासी विकास महामंडळाचे एक मोठे काम ठरले. १९७२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. डांगातल्या जेवणात गुणवत्ता होती, पण ते पोटभर मिळेल याची शाश्वती नव्हती.

देशावर बाजरीची भाकरी, मठ-हुलग्याची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, तूर, हरभरा आणि ताक. गहू पिके, पण तो प्रामुख्याने बाजारासाठी. घरात पोळी सणावारी. इथे धर्माचाही हात होता. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असल्याने वारकरी संप्रदायाची मुळे या जिल्ह्यात खोल गेली आहेत, आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या जमतात. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटे. शेतकरी घरांत शाकाहार पसरला तो असा. नाशिक शहरात पंचवटीतल्या ब्राह्मण आणि बाजारपेठेतल्या जैन-वाणी घरांत तो आधीपासून होता. तिथे त्याला उपवास, चातुर्मास, कांदा-लसूण वर्ज्य अशा नियमांची जोड होती. यापैकी कोणीही तो आजार टाळण्यासाठी पाळत नव्हते.

हे सारे बदलले ते टप्प्याटप्प्याने. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली आणि मुंबईचा बाजार जवळ आला. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतून राबासाठी टहाळ तोडण्यावर आणि फिरत्या शेतीवर बंधने आली. पडीक ठेवण्याची वर्षे कमी झाली, तशी उताराची माती झिजली. देशावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि १९१६चे दारणा धरण यांनी कालव्याचे पाणी आणले. ओझरच्या बाजूला १९२५च्या सुमारास द्राक्षबागा सुरू झाल्या. निफाडच्या संशोधन केंद्राने गव्हाचे नवे वाण दिले. एनआय ५४३९ हा त्यांतला नावाजलेला. १९६५ मध्ये गंगापूर धरण झाले आणि द्राक्षे, कांदा, ऊस, भाजीपाला यांनी बाजरीला कोरडवाहू कोपऱ्यात ढकलले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला आणि पैशाबरोबर पोळीही रोजची झाली.

डांगात बदल आला तो रेशनमधून. १९७२च्या दुष्काळात परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी लोकांनी खाल्ली. पुढे स्वस्त धान्य दुकानांत गहू आणि तांदूळ नियमित मिळू लागला, आणि २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो असा दर ठरवला. आषाढातली भूक यामुळे पुष्कळ हटली, आणि हे या धान्याचे मोठे उपकार आहेत. पण जिची लावणी, मळणी, कांडणी सगळी अंगमेहनतीची त्या नागलीला तीन रुपयांच्या तांदळापुढे टिकणे अवघड होते. नागलीचे पीठ पापडापुरते उरले, तेही बहुतेक विक्रीसाठी. घोटीच्या गिरण्यांतून येणारा पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा झाला, काळपट भाकरी गरिबीची खूण ठरली.

उपवासाच्या ताटाचाही असाच प्रवास झाला. जुना उपवास वरईच्या भाताचा, कंदांचा, फळांचा. बटाटा आणि शेंगदाणा हे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे त्यात सामावले. मग साबुदाणा आला. तामिळनाडूतल्या सेलम भागात १९४०च्या दशकात टॅपिओकापासून तो बनू लागला आणि खिचडी हाच उपवास होऊन बसला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाहीत की चोथा नाही. वरईची मागणी मात्र भगर या नावाने टिकली आणि तिनेच नाशिकला एक वेगळा धंदा दिला. बारीक तृणधान्ये सडण्याच्या भगर मिलांचे नाशिक हे देशातले मोठे केंद्र आहे. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी-मंडला भागात गोंड-बैगा शेतकरी पिकवतात ती कुटकीही इथे येऊन भगर होते. डांगातली पिके मागे पडत असताना त्याच धान्याच्या प्रक्रियेत शहर पुढे जावे, ही या इतिहासातली सगळ्यात लक्षणीय गोष्ट. फक्त गिरणीत दाणा पांढरा होईपर्यंत सडला जातो, आणि कोंड्याबरोबर त्याचे निम्मे मोल निघून जाते.

हे मोल वैद्यकाला उशिरा कळले. डेनिस बर्किट हे शल्यचिकित्सक १९४६ पासून युगांडात काम करत होते. भरड धान्य, कंद, शेंगा आणि पाला खाणाऱ्या तिथल्या ग्रामीण लोकांत बद्धकोष्ठ, आतड्याचे काही विकार, हृदयविकार क्वचितच दिसतात, हे त्यांनी आणि ह्यू ट्रॉवेल यांनी टिपले आणि १९७०च्या दशकात अन्नातल्या चोथ्याचा सिद्धान्त मांडला. नागलीचे माहेर असलेल्या मुलखातूनच हा विचार जगापुढे आला. पुढच्या अभ्यासांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण गाभा टिकला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम चोथा आणि ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात चोथा ३ ग्रॅमच्या आत आणि कॅल्शियम नगण्य. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, आणि कडधान्यांतला विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉल कमी करतो. नागलीची पातळ, फार शिजवलेली पेज मात्र भाकरीपेक्षा लवकर पचते. मधुमेहींसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

केवळ शाकाहारी असल्याने हे संरक्षण मिळत नाही, हे महाराष्ट्रातच दिसून आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात राज्यातल्या ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, आणि शहरांत तो खेड्यांहून अधिक होता. मैदा, साखर, साबुदाणा, तळलेला फराळ हेही शाकाहारीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. पालेभाज्या आणि फळे वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाने चांगली होती. त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ते कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती दिसली. बी-१२ वनस्पतींत मिळत नाही. डांगातल्या घरात ते मासे-खेकड्यांतून येई, देशावरच्या माळकरी घरात दूध-ताकातून. जुन्या ताटांतले हे थोडेसे प्राणिज अन्न वगळून आजच्या शाकाहाराचा विचार करता येत नाही. शिवाय जाते, मुसळ आणि डोंगर चढणे हाही जुन्या माणसांच्या चांगल्या प्रकृतीचा भाग होता. तिचे श्रेय एकट्या नागलीला देता येणार नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा नागलीचे बिस्कीट आणि डोशाचे पीठ नाशिकच्या दुकानांत दिसू लागले. पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने वरईच्या एका वाणाला ‘फुले एकादशी’ हे नाव दिले आहे. शहरात नागली आता पथ्याचे अन्न म्हणून चढ्या भावाने विकली जाते, तर पेठ-सुरगाण्यात तिची लावणी करणाऱ्या घरातही रोजच्या ताटात रेशनचा तांदूळ असतो. २०१३च्या कायद्याने भरड धान्यासाठी किलोला एक रुपयाचा दर ठेवला होता. त्या तरतुदीतून डांगातली नागली डांगातल्याच दुकानांत नियमित पोहोचवणे शक्य आहे, आणि गिरणीत फार न सडलेली भगर विकणेही.