लोकल बोर्डातून मंत्रिमंडळात : बाळासाहेब देसाई

द्विभाषिक मुंबई राज्यात १९५७ साली मंत्री झालेले बाळासाहेब देसाई मूळचे सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे. १९४१ ते १९५२ ते त्याचे अध्यक्ष होते. रस्ते, विहिरी, दवाखाने हा बोर्डाचा कारभार. जिल्ह्याचे स्कूल बोर्डही त्याच्याशी निगडित. फीपायी शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण तुटते, हे त्यांनी तेथेच पाहिले असावे. पुढे शिक्षणमंत्री या नात्याने त्यांनी वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळवून दिली. निकष जातीचा नव्हे, उत्पन्नाचा. शेतीचे उत्पन्न मोजणे अवघड, हा भाग निराळा. बहुजन तरुण महाविद्यालयात पोहोचला तो या ‘ईबीसी’ सवलतीमुळेही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डे संपुष्टात आली.