चौदा काठ्यांची पिशवी

बदलापूरला, आमच्या हेंद्रेपाड्यात, गोल्फचं मैदान नाही. अठरा होलच्या मैदानाला शंभर-सव्वाशे एकर तरी जागा लागते, आणि तेवढ्या जागेत किती टॉवर बसतात हे इथला कुठलाही बिल्डर झोपेतसुद्धा सांगेल :) तरीही आयटीतल्या मित्रमंडळींत हे खूळ शिरलंय. कुणी ऑनसाइटहून शिकून येतं, कुणाला रविवारी क्लायंटसोबत जायचं असतं. सगळ्यांचे प्रश्न दोनच. काय विकत घ्यायचं? आणि तिथे गेल्यावर बावळट दिसू नये म्हणून काय पाळायचं? दोन्हींची उत्तरं मला इतिहासात जास्त चांगली सापडली, म्हणून हा उद्योग.

सुरुवात नियमांपासून करू, कारण लोक घाबरतात ते त्यांनाच. गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ गावचे. एकूण तेरा. चेंडू माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला लागून थांबला तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा, असा त्यात एक नियम आहे. म्हणजे बघा, मैदान सार्वजनिक गायरान होतं, माणसं, गुरं, कुत्री मधूनच जात-येत होती, आणि त्यातूनच खेळ चालायचा. दुसरा नियम असा की पुढच्या होलसाठी पहिला फटका आधीच्या भोकापासून एका काठीच्या अंतरातच मारायचा. भोकातलीच मूठभर वाळू काढून तिची ढेकळी करायची, त्यावर चेंडू ठेवायचा. लाकडी टी रुळली ती थेट १९२० च्या दशकात. तोवर ओल्या वाळूवरच भागत होतं. साहेबी थाट वगैरे जो म्हणतो तो नंतर चढलेला थर आहे. मूळ कोड अगदी साधं होतं.

आता सामान. आधी चेंडू, कारण इंजिनिअरला सांगायला ती गोष्ट सगळ्यात मजेची. सुरुवातीला चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली उकडलेली पिसं. चांगला कारागीर दिवसाला तीन-चारच करू शकायचा, त्यामुळे चेंडू महाग आणि खेळ श्रीमंतांचा. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, चेंडू आला आणि किंमत धाडकन खाली आली. (हाच गटापर्चा समुद्राखालच्या तारांवर इन्सुलेशन म्हणून वापरायचे. १८७० साली मुंबई एडन-सुएझमार्गे लंडनला जोडली गेली ती याच चिकाच्या जोरावर. आपल्या धंद्याचे पणजोबाच म्हणायचे.) गंमत अशी की नवा गुळगुळीत चेंडू हवेत भरकटायचा आणि खेळून ओरखडे पडलेला सरळ जायचा. मग लोक मुद्दाम चेंडूवर हातोडीने खुणा करायला लागले. आजच्या चेंडूवरचे खळगे हे त्याच शोधाचं सुधारित व्हर्जन. तात्पर्य काय, तर पहिलं वर्षभर स्वस्त किंवा वापरलेले चेंडू घ्या. निम्मे तळ्यात आणि झुडपातच जाणार आहेत.

काठ्यांची गोष्ट याच्या उलट. हिकरीच्या लाकडी दांड्यांच्या जमान्यात आठ-दहा काठ्या पुरायच्या, आणि त्यांना नंबर नव्हते, मॅशी, निब्लिक अशी नावं होती. १९२० च्या दशकात स्टीलचे दांडे अधिकृत झाले, एकसारखे सेट कारखान्यातून निघायला लागले, आणि दुकानदारांचं फावलं. १९३० च्या दशकात काही खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन फिरत. उचलणार कोण? अर्थातच कॅडी. शेवटी अमेरिकेने १९३८ साली आणि ब्रिटनने १९३९ साली चौदाची मर्यादा घातली. लक्षात घ्या, चौदा ही कमाल संख्या आहे, किमान नाही! दुकानातला माणूस ती अशी सांगतो की जणू तेरा असल्या तर गेटवरून परत पाठवतील.

माझं मत विचाराल तर पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नका. ड्रायव्हिंग रेंजवर काठी भाड्याने मिळते. सेव्हन-आयर्न मागा आणि तेवढीच मारत राहा. मन रमलं तर सेकंडहँड अर्धा सेट पुरे: एक हायब्रिड, सेव्हन-आयर्न, नाइन-आयर्न, सँड वेज आणि पटर. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ग्लव्ह डाव्या हातात लागतो, तो मात्र नवा घ्या. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही. ड्रायव्हरवर पैसे उधळायची घाई नको. नवशिक्याच्या हातात ती सगळ्यात लांब आणि सगळ्यात बेइमान काठी.

पाळायच्या गोष्टी खरं तर तीनच तत्त्वांत बसतात: कुणाला इजा नको, कुणाचा खोळंबा नको, आणि मैदान होतं तसं ठेवा. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर लाजू नका, 'फोर!' म्हणून जोरात ओरडा. दुसरा मारत असताना गप्प उभे राहा, सावलीसुद्धा त्याच्या चेंडूवर पडू देऊ नका. उखडलेली ढलपी जागेवर बसवा, ग्रीनवरचा खड्डा बुजवा, बंकरमधून निघताना वाळू सारखी करा. दुसऱ्याचा चेंडू आणि भोक यांच्या मधल्या रेषेवर पाय देऊ नका. २०१९ साली नियमांचं मोठं रिलीज आलं, चौतीस नियमांचे चोवीस झाले. हरवलेला चेंडू शोधायला आता पाचऐवजी तीनच मिनिटं. पट करताना झेंडा भोकातच ठेवला तरी चालतो. जुन्या लोकांना हे अजून खटकतं, वाद घालू नका.

पण बावळट दिसण्याची भीती काही या नियमांमुळे वाटत नाही. ती दारामुळे वाटते. आणि दाराचा इतिहास आपल्या मुंबईचाच आहे. कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला १८२९ साली, मुंबईत १८४२ साली. ब्रिटिश बेटांबाहेरचे हे अगदी सुरुवातीचे क्लब, आणि अर्थात साहेबांचे. हिंदी माणूस आत असायचा तो खांद्यावर काठ्या घेऊन. १९१७ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने हिंदी आणि युरोपीय दोघांनाही प्रवेश असलेला विलिंग्डन क्लब काढला. त्याच्या हिंदी पाहुण्यांना एका गोऱ्या क्लबात मज्जाव झाला म्हणून, असं सांगतात. मग १९२७ साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब झाला. आता रंग आडवा येत नाही, फी आणि वेटिंग लिस्ट येते.

त्याच चेंबूरच्या मैदानाशेजारच्या वस्तीत कॅडी पोरांनी स्वतःचा गोल्फ काढला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी, प्लास्टिकचा चेंडू, आणि मैदान म्हणजे घरांमधली बोळं. तोमाश गुजोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्याचे फोटो काढले आहेत, जरूर बघा. पाच फुटी बोळात भिंतीला न लागता चेंडू नेणं हे आपल्या रेंजवरच्या सेव्हन-आयर्नपेक्षा कैक पटींनी अवघड. लीथची गुरं-कुत्र्यांची गोष्ट आठवते की नाही?

हे नुसतं कौतुक म्हणून सांगत नाही. १९१३ साली यूएस ओपन जिंकणारा वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट आधी कॅडी होता, आणि तेव्हा त्याची पिशवी उचलत होता एक दहा वर्षांचा मुलगा. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल, अली शेर, हाही दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच. म्हणून पहिल्या दिवशी कॅडी मिळाला तर त्याचं नाव विचारा, अंतर विचारा, कुठली काठी तेही विचारा, आणि फटका चुकला की त्याच्याकडे रागाने बघू नका. ग्रीनचा उतार त्याला दिसतो तो तुम्हाला पुढची पाच वर्षं दिसणार नाही. बक्षिशी आधीच काढून ठेवा, शेवटी सुटे शोधत बसू नका.

आपल्या बाजूच्या लोकांसाठी सोयीचं म्हणजे सिडकोचं खारघर व्हॅली, २०१२ साली सुरू झालेलं. बदलापूरहून ठाणे, तिथून पनवेल लोकल, खारघरला उतरून रिक्षा. पिशवी अर्ध्या सेटची असेल तर गाडीत वरच्या रॅकवर मावते. रविवारी मात्र मेगाब्लॉक बघून निघा.