कडू पाल्यातला निळा रंग

४९ हजार वर्षं मागे आलात. उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासच्या डोंगरात एल सिद्रॉन नावाची गुहा आहे, तिच्या तोंडाशी तुम्ही उभे आहात. सोबतीला निअँडरथल. पायाशी गुडघाभर उंचीचं झाड: पिसासारखी बारीक चिरलेली पानं, शेंड्याला पांढुरक्या फुलांचे सपाट झुबके. हे यारो. शेजारचा एक पान खुडून तुमच्या हातावर ठेवतो. चुरगळताच नाकाला कापरासारखा दर्प झोंबतो, आणि चावलंत तर कडू जहर!

थुंकू नका, तोही चावतोय. त्याला कडू लागत नसेल असं समजू नका. कडू चव ओळखणारं जनुक याच गुहेतल्या हाडांत सापडलं आहे. पोट भरायला तर हे कुणी खाणार नाही. २०१२ साली इथल्या एकाच्या दातांवरच्या किटणात अझुलीन आणि कूमरिन गटातली संयुगं मिळाली, यारो आणि कॅमोमाइलकडे बोट दाखवणारी. औषध म्हणूनच खाल्लं असावं, हा संशोधकांचा तर्क. मला पटतो, पण तर्कच.

आता रोमन छावणीत या, पण फार रेंगाळू नका. सैनिकाच्या जखमेवर हाच पाला ठेचून बांधतात. ग्रीक कथांतला वीर अकिलीसही हेच करायचा अशी दंतकथा आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली झाडाच्या शास्त्रीय नावात त्याला कायमचा बसवला. पाल्यातल्या टॅनिनने जखम आवळते. १९५४ मध्ये वेगळं काढलेलं अकिलीन हे अल्कलॉइड सशांमध्ये रक्त लवकर गोठवतं. माणसांवरचा पुरावा मात्र तोकडा आहे.

आता लंडन, १८६३. अत्तरांचा जाणकार सेप्टिमस पीस याच्या भट्टीपाशी या. यारोतून वाफ जाते, नळीत थंड होते आणि बाटलीत पाण्यावर तेलाचा तवंग जमतो. गर्द निळा! पान हिरवं, फूल पांढरं, मग हा निळा आला कुठून? पीससाहेब त्या निळ्या द्रव्याला अझुलीन नाव देऊन मोकळे होतात. उत्तर तुम्ही सांगा: झाडात निळं काहीच नसतं. त्यात प्रोअझुलीन नावाची रंगहीन, कडू संयुगं असतात. वाफेच्या आचेने त्यांचे रेणू पाणी, असिटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड गमावतात, तेव्हा उरतं निळं कॅमअझुलीन. ते प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं. (त्या दातांचं किटण तपासतानाही नमुना तापवला होता. त्यातलं अझुलीन नेमकं कधी तयार झालं, हे विचारायला हवं.)

पण दरवेळी निळा मिळेलच असं नाही. यारोच्या गोतावळ्यात ३६ गुणसूत्रांची झाडं निळं तेल देतात. ५४ वाली, दिसायला जवळजवळ तशीच, बहुधा देत नाहीत. नुसत्या पानाफुलांवर विसंबून औषध घेणाऱ्याची इथेच फसगत होते.

परत या. युनानी दुकानात हेच बिरंजासिफ म्हणून मिळतं आणि काश्मीरच्या उतारांवर आपसूक उगवतं. युरोपात परंपरेच्या आधारावर ते भूक मंदावली तर, पोटात किंवा पाळीत कळ आली तर, किरकोळ खरचटल्यावर वापरतात. एपिजेनिन आणि ल्युटिओलिन ही फ्लॅव्होनॉइडं आतड्याचा पीळ सैल करतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. गरोदर बायकांनी काढा टाळावा. आणि शेवंतीची अ‍ॅलर्जी असेल तर दुरूनच रामराम. दोन्ही एकाच कुळातली.