रिकाम्या पिंपाची गोष्ट

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस पेट्रोल-थिनरच्या पिंपांबद्दल काय बोलणार? पण हे पिंप तत्त्वज्ञानात मी आणलेलं नाही. ते आणलं बेंजामिन ली व्होर्फ या अमेरिकन माणसानं. एमआयटीचा केमिकल इंजिनियर, 1919 पासून हार्टफर्डच्या एका आगविमा कंपनीत नोकरीला. आगी का लागतात याचे अहवाल वाचणं हे त्याचं काम. भाषांचा अभ्यास हा फावल्या वेळेतला उद्योग. 1939 साली लिहिलेल्या निबंधात त्यानं एक साधी गोष्ट नोंदवली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, आणि 'रिकामी' असं लिहिलेल्या पिंपांजवळ खुशाल सिगारेट ओढतात. खरं तर धोका रिकाम्यात जास्त, कारण त्यात वाफ उरलेली असते.

व्होर्फचं म्हणणं, माणसाला इथे 'रिकामं' हा शब्द फसवतो. टीकाकार म्हणाले, शब्दाचा दोष कसला, वाफ डोळ्यांना दिसत नाही एवढंच. मला वाटतं दोन्ही खरं आहे.

आता थोडं मागे जाऊ. ही वाफ मोजायला माणूस शिकला तो एकोणिसाव्या शतकात, दिव्याच्या तेलामुळे. रॉकेलमध्ये हलकं तेल मिसळून विकलं की दिवे भडकायचे, घरं जळायची. इंग्लंडमध्ये 1862 च्या कायद्यानं मर्यादा घातली: 100 अंश फॅरनहाइटच्या खाली पेट घेणारी वाफ सोडणारं तेल धोकादायक. पण ती वाफ मोजायची कशी, हे कायद्यानं सांगितलंच नव्हतं! पुढे कसोटी ठरली ती उघड्या भांड्यातली. उघड्या भांड्यातून वाफ उडून जाते, वाऱ्यावर निकाल बदलतो, आणि तेल आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं. शेवटी युद्धखात्याचे रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक एबल यांनी बंद भांड्याचं उपकरण केलं आणि 1879 च्या कायद्यात मर्यादा 73 अंशांवर आली. म्हणजे सरकारनं सवलत दिली का? अजिबात नाही. तेल तेच, धोका तोच. भांड्याला झाकण आलं म्हणून आकडा उतरला. 73 फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ 23 सेल्सियस. आपल्या पेट्रोलियम कायद्यात आज 'अ' वर्गाची सीमा 23 अंशच आहे, आणि त्या कायद्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा शून्याखाली सुमारे 40 अंश. म्हणजे आपल्याकडच्या थंडीतसुद्धा ते सतत पेटाऊ वाफ सोडत असतं. ही वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत लांबच्या शेगडीपर्यंत पोचते. आणि हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेटते. पिंप काठोकाठ भरलेलं असलं की आत हवेला जागाच नसते. तळाशी दोन चमचे उरले, हवा आत शिरली, की मिश्रण जुळून येतं.

आपल्या नैयायिकांकडे याला फार चांगलं उत्तर आहे. ते म्हणतात, नुसता अभाव नसतो. अभाव कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. 'पिंप रिकामं आहे' म्हणणाऱ्याला विचारायचं: कशानं रिकामं? द्रवाचा अभाव आहे, मान्य. वाफेचा अभाव आहे, हे कुणी पाहिलं?

1948 च्या कारखाना कायद्यात कलम 37 लिहिणाऱ्यांना हे कळलेलं होतं. ज्वालाग्राही पदार्थ ज्या टाकीत 'आहे', एवढंच ते म्हणाले नाहीत. जिच्यात तो 'होता', तिलाही पदार्थ आणि वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निरुपद्रवी केल्याशिवाय वेल्डिंग-कटिंग करू नये. भूतकाळाचं एक क्रियापद, पण त्यावर जीव अवलंबून असतो. मात्र त्या कायद्याला कामगारसंख्येची अट होती. रस्त्याकडेला दोन माणसं जुनं पिंप कापून कोठी बनवत असतात, त्यांच्यापर्यंत तो पोचतच नव्हता.

मग हातमोजे, गॉगल, मास्क यांचं काय? हवेतच. पण नैसर्गिक रबराचे मोजे पेट्रोलमध्ये फुगतात, नायट्राइलचे बरेच टिकतात. नायलॉन-पॉलिएस्टरचा शर्ट स्थिर वीज धरतो आणि जळताना अंगाला चिकटतो, म्हणून सुती बरा. गाळणीचा मास्क वाफ अडवतो, ऑक्सिजन देत नाही. तो लावून टाकीत उतरणं म्हणजे आत्महत्याच. आणि यातलं एकही साधन वाफेला पेटण्यापासून थांबवत नाही. ही साधनं देऊन मालकाची जबाबदारी संपली असं जे मानलं जातं, ते मला मुळीच पटत नाही.

पिंप कापायचंच असेल तर ते नुसतं विसळून भागत नाही. डिटर्जंटनं किंवा वाफाऱ्यानं नीट धुवायचं, शक्य तिथे कापायच्या जागेपर्यंत पाणी भरायचं, आणि आधी गॅसमीटरनं तपासायचं. तपासताना मीटरची नळी पिंपाच्या तोंडाशी धरायची नाही, तळापर्यंत सोडायची.