अकालजात बालकांचा दृष्टिपटलविकार : लेसर उपचार व परिणाम

(आरओपी). अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचा विकार. गर्भाच्या दृष्टिपटलात या वाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास फुटू लागतात आणि कानाकडच्या कडेपर्यंत दिवस भरता भरताच पोचतात. त्याआधी जन्म झाल्यास वाढ अर्ध्यावर थांबते. रक्त न पोचलेला कडेचा पट्टा मग वाढीची द्रव्ये सोडतो, त्यामुळे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या उगवतात आणि त्यांच्या ओढीने दृष्टिपटलाचा पडदा सुटतो. बाहेरून डोळा बराच काळ निरोगी दिसतो. बाहुलीत पांढरट झाक दिसेपर्यंत बहुधा उपचाराची वेळ टळलेली असते.

इतिहास. बॉस्टनच्या टेरी यांनी 1942 मध्ये वर्णन केले. जादा प्राणवायूचा संबंध मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये सुचवला.

उपचार. लेसर वाहिन्यांवर मारत नाहीत. रक्त न पोचलेला कडेचा पट्टा त्याने निकामी करतात. मागणीच थांबली की नव्या वाहिन्या आक्रसतात. डॉक्टर डोक्यावरच्या उपकरणातून 810 किंवा 532 नॅनोमीटरचा किरण टाकतात. एका डोळ्याला शेकडो, कधी हजारावर ठिपके लागतात. बाळाचे दूध आधी थांबवतात आणि श्वास व नाडीवर बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ लक्ष ठेवतो. आठवड्याभराने पुन्हा तपासणी होते. मध्ये सुटलेल्या जागा दिसल्यास पुन्हा लेसर करावा लागतो, आणि नेमक्या याच फेरीला पालक गैरहजर राहतात.

परिणाम. गोठवण्याच्या जुन्या पद्धतीवरील अमेरिकी चाचणीत (1988) तीन महिन्यांनंतर वाईट निष्पत्तीचे प्रमाण 43 टक्क्यांवरून 21.8 टक्क्यांवर आले. पुढे लेसर रूढ झाला. लवकर उपचाराच्या चाचणीत (2003) जास्त धोक्याच्या डोळ्यांतील पडद्याच्या रचनेची वाईट निष्पत्ती 15.6 वरून 9.1 टक्क्यांवर उतरली. विकार ‘टाइप 1’, म्हणजे उपचार लागण्याइतका तीव्र, ठरल्यावर 48 ते 72 तासांत उपचार, हा दंडक तिथून आला. मध्यभागाजवळचा, झपाट्याने वाढणारा प्रकार लेसरला कमी दाद देतो. भारतात तो दीड किलोवरच्या बाळांतही दिसतो, म्हणून पाश्चात्त्य वजनमर्यादा इथे चालत नाही. विकार शमला म्हणजे नजर पूर्ण आली असे नव्हे. पुष्कळ मुलांना उणे नंबरचा चष्मा लागतो, काहींना तिरळेपणा येतो, आणि पडदा पुढे वयात आल्यावरही सुटू शकतो. उपचार झालेल्या मुलाची वार्षिक तपासणी शाळेनंतरही चालू राहावी.

डोळ्यातील इंजेक्शने. निवडक प्रकारांत लेसरला पर्याय. विकार उशिरा उलटू शकतो, त्यामुळे पाठपुरावा लांबतो.

लोणंद परिसर. लोणंद (ता. खंडाळा, जि. सातारा) हे कांद्याच्या बाजाराचे, पुणे–मिरज लोहमार्गावरचे गाव. सांगलीकडच्या बाळांना मिरज किंवा कराड जवळ पडते. लोणंद-फलटणकरांचा ओढा पुण्याकडे, लोणंदहून जेजुरी-सासवड मार्गे सुमारे 80 किलोमीटर. अंतरापेक्षा रीत अधिक आड येते. भारतात साधारणपणे 2000 ग्रॅमखालील किंवा 34 आठवड्यांआधीच्या बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत, आणि 28 आठवड्यांआधीच्या किंवा 1200 ग्रॅमखालील बाळाची 20 दिवसांच्या आसपास व्हावी लागते. घरात मात्र सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला उंबरा ओलांडू देत नाहीत. ‘इतके दिवस काचेत होतं, आता वारा नको’ हे आजीचे म्हणणे मायेचे असते, पण विकार याच दिवसांत वाढतो. त्यात पहिली बाळंतपणे माहेरी होतात. रुग्णालयाच्या वहीत पत्ता व फोन सासरचा असतो आणि बोलावणे चुकीच्या घरी जाते.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातील सुचेता कुलकर्णी व सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील या विकाराने अंध झालेल्या मुलांचा, उशिरा येण्याच्या कारणांचा आणि कुटुंबांवरील परिणामांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. या विभागाविषयी तो मूळ आधार मानावा.

शासन व न्यायालय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे झाला. त्यातील 30 आजारांत हा विकार आहे. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने 2008 पासून तंत्रज्ञाने काढलेली छायाचित्रे दुरून वाचण्याची पद्धत कर्नाटकच्या ग्रामीण भागात चालवली. इकडच्या घाटाखालच्या आणि दुष्काळी तालुक्यांना तीच सोयीची ठरेल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात 1996 मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दीड कोटींहून अधिक भरपाई दिली. तिच्या डोळ्यांची तपासणी झाली नव्हती आणि पालकांना धोका सांगितला गेला नव्हता.

बाळ काचेतून घरी आणताना डिस्चार्ज कार्डावर डोळे तपासणीची तारीख आहे का, ते पाहावे. नसल्यास तिथेच लिहून घ्यावी आणि फोन माहेरचा द्यावा.