कपिकच्छू आणि वेपथु : एका औषधी संबंधाचा इतिहास

खाजकुइलीची ओळख बहुधा औषध म्हणून होत नाही, उपद्रव म्हणून होते. मराठवाड्यातील कुंपणांवर व डोंगरउतारांवर ही वेल पसरते, आणि तिच्या शेंगांवरील बारीक कुसे अंगास लागली की मनुष्य बेजार होतो. तिची नावेही याच अनुभवातून घडली आहेत. ‘कपिकच्छू’ म्हणजे वानरास कंड आणणारी. ‘आत्मगुप्ता’ म्हणजे आपले रक्षण आपणच करणारी. मराठी ‘खाज’ संस्कृत ‘खर्जू’पासून आली. शास्त्रीय नाव ‘म्युकुना प्रुरिएन्स’. त्यातील दुसऱ्या लॅटिन पदाचा अर्थही कंडच. हिंदी ‘केवांच’ इंग्रजीत ‘काउहेज’ झाला व लोकांच्या तोंडी त्याचे ‘काउइच’, म्हणजे गाईची खाज, असे रूपांतर झाले. गाईचा येथे काडीइतकाही संबंध नाही!

इतक्या नावांपैकी एकातही कंपाचा निर्देश नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण प्राचीन वैद्य कंपवातावर हेच बी देत असत आणि आधुनिकांनी त्याला केवळ दुजोरा दिला, असे अलीकडे सर्रास लिहिले जाते. ग्रंथांची साक्ष इतकी सरळ नाही. माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपास ‘वेपथु’ म्हटले असून तो वातविकारांत गणला आहे. भावप्रकाशाच्या निघंटूत कपिकच्छू वृष्य, बल्य आणि वातहर सांगितली आहे. वातहर द्रव्य वातविकारात द्यावे हे अनुमान शास्त्राला धरून आहे, पण ते अनुमानच आहे. शिवाय १८१७ साली जेम्स पार्किन्सन याने वर्णिलेला रोग आणि वेपथु यांची सरसकट एकरूपता मानणे धाडसाचे होईल.

दुसरा प्रवाह रसायनशास्त्राचा. १९१३ साली गुगेनहाइम याने बाकल्याच्या शेंगांतून ‘एल-डोपा’ वेगळे केले. १९३७ साली मद्रासला दामोदरन व रामस्वामी यांनी तेच द्रव्य कपिकच्छूच्या बियांत दाखविले. त्या वेळी त्याचा कंपाशी संबंध कोणाच्याही ध्यानी येणे शक्य नव्हते. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन उणे असते हे एरिंगर व हॉर्निकिविच यांनी १९६० साली दाखविले, आणि डोपाच्या मोठ्या मात्रांचा गुण कोट्झिआस याने १९६७ साली सिद्ध केला. दोन्ही प्रवाह महाराष्ट्रात एकत्र आले ते मुंबईत. अशोक वैद्य, अंतरकर, नोशिर वाडिया प्रभृतींनी कपिकच्छूने केलेल्या पार्किन्सन-चिकित्सेचा वृत्तांत १९७८ साली प्रसिद्ध केला. येथे वैद्यकाच्या दोन्ही परंपरा एका कामात सहभागी झाल्या, हे त्याचे खरे महत्त्व. पुढे १९९५ साली बियांच्या चूर्णापासून केलेल्या औषधाची ६० रुग्णांवर १२ आठवडे झालेली चाचणी प्रसिद्ध झाली.

तिसरा दावा सर्वांत नवा व सर्वांत नाजूक आहे : हे बी चेतापेशींना ऑक्सिडीकारक ताणापासून वाचविते. पार्किन्सन रोगात मध्यमेंदूतील ज्या कृष्णवर्णी भागाच्या पेशी नाश पावतात, तेथे डोपामीनच्या विघटनातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. लोहाच्या सान्निध्यात त्यापासून अत्यंत विध्वंसक मुक्त मूलके होतात. म्हणजे पेशीचे जे कार्य, तेच तिचे ओझे. मन्यम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून या बियांच्या संरक्षक गुणाचा निष्कर्ष मांडला; नंतरच्या कामात लोहासारखे धातू बांधून ठेवण्याचा गुणही आढळला. यातील गंमत अशी की, एल-डोपा हे स्वतः सहज ऑक्सिडीकरण पावणारे द्रव्य आहे. तेव्हा संरक्षण होत असलेच, तर त्याचे श्रेय बियांतील इतर घटकांकडे जाण्याचा संभव अधिक.

प्राण्यातील निष्कर्ष मनुष्यास जसाच्या तसा लावणाऱ्या जाहिरातींनी या भेदाची पर्वा केलेली नाही, आणि तिचे मोल रुग्णास द्यावे लागते. बियांतील डोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. वैद्यास न विचारता चालू औषध सोडून चूर्ण घेणाऱ्याला आपण किती मात्रा घेतली हेच कळत नाही. २००४ सालीच लंडनमध्ये ८ रुग्णांना मोजून १५ व ३० ग्रॅम चूर्ण देऊन त्याची तुलना प्रचलित औषधाशी करण्यात आली. ३० ग्रॅमच्या मात्रेचा गुण लवकर आला व अधिक काळ टिकला. परंतु त्या चाचणीत प्रत्येक मात्रा एकेकदाच दिलेली होती. पेशी वाचतात की नाही, हा प्रश्न तीत विचारलाच नव्हता.