हार्डविक हॉलच्या खिडक्या आणि पुराव्याचा प्रश्न

संशोधनाची तयारी करताना ‘पुरावा कशाला म्हणायचं?’ हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. एम.एस्सी. करून पीएच.डी.ला आले, तेव्हा माझं उत्तर सोपं होतं: जे मोजता येतं, तो पुरावा. ते अपुरं आहे हे मला इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याबद्दल वाचताना कळलं.

डर्बीशायरमधला हार्डविक हॉल १५९० ते १५९७ या काळात बांधला गेला. बांधून घेणारी होती श्रूजबरीची काउंटेस एलिझाबेथ, म्हणजेच ‘बेस ऑफ हार्डविक’. वाड्याला सहा मनोरे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर तिच्या नावाची ‘ई. एस.’ ही आद्याक्षरं दगडात कोरली आहेत.

दर्शनी बाजूला भिंतीपेक्षा काचच जास्त दिसते. त्या काळी काच महाग होती, त्यामुळे हा श्रीमंतीचा देखावा होताच. पण एवढ्या खिडक्या पाडूनही भिंती उभ्या कशा राहिल्या? बऱ्याचशा शेकोट्या आणि धुराडी आतल्या भिंतींत घेतली, म्हणून बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या.

आता खिडक्यांची उंची बघा. वर जावं तशी ती वाढत जाते. तळमजल्यावर मुख्यतः नोकरांचा वावर, पहिल्या मजल्यावर बेसचं राहणं आणि सर्वांत वर मानाच्या पाहुण्यांसाठी भव्य दालनं. म्हणजे घरातली उतरंड बाहेरूनच वाचता येते, असं आपण पटकन लिहून मोकळे होतो.

इथेच थांबा. काही खिडक्या नुसत्या दिखाऊ आहेत. त्यांच्यामागे खोलीच नाही. दर्शनी बाजू डावी-उजवी सारखी दिसावी म्हणून त्या बसवल्या. नुसत्या खिडक्या मोजून खोल्यांचा अंदाज बांधला, तर मोजमाप अचूक आणि निष्कर्ष चूक!

मग आतलं कसं कळतं? १६०१ साली बेसने घरातल्या सामानाची यादी करून घेतली. खोलीवार केलेली ही यादी आजही उपलब्ध आहे. कुठे कोणता पलंग, कुठे कोणते पडदे, यावरून खोलीचा वापर ठरवता येतो. अर्थात यादी त्या वेळचं सामान सांगते, रोजचं जगणं नाही.

आणि वास्तुरचनाकार कोण? सगळे रॉबर्ट स्मिथसनचं नाव घेतात. पण आराखडा त्याचाच, असं सांगणारा करार सापडलेला नाही. त्याच्या संग्रहातला हार्डविकशी मिळताजुळता नकाशा आणि बांधकामाची शैली, यांवर ही मांडणी उभी आहे. मांडणी भक्कम आहे, तरीही तुमच्या प्रबंधात ‘स्मिथसनने बांधला’ आणि ‘स्मिथसनची रचना मानली जाते’ या दोन वाक्यांत फरक राहायला हवा.

इमारत, कागद आणि नकाशा यांपैकी एकटं कुणीच पुरं सांगत नाही. तुमच्या विषयातला पहिला पुरावा हाती लागला की स्वतःला एकच विचारा: या खिडकीमागे खोली आहे ना?